एकांत, नियम आणि गोडी : ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातील ध्यानविचार

भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात ४७ श्लोक आहेत. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, नेवासे येथे सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत त्यांचा विस्तार प्रचलित प्रतीप्रमाणे ४९७ ओव्यांचा झालेला आहे. हा विस्तार सर्वत्र सारखा नाही. गीतेने ज्या ठिकाणी केवळ ‘शुचौ देशे’ एवढेच म्हणून पुढे जावे, त्या ठिकाणी ज्ञानेश्वर सतरा-अठरा ओव्या थांबतात. आणि गीतेत जिचे नावही नाही त्या कुंडलिनीचे वर्णन तर ते अशा तन्मयतेने करतात की मूळ श्लोक कोणता होता याचा वाचकाला विसर पडावा. अभ्यासकांनी या दोन स्थळांची वाटणी परस्पर करून टाकलेली दिसते. स्थानवर्णन हे काव्यरसिकांच्या वाट्याला गेले आणि निसर्गचित्रणाचा नमुना म्हणून ते पाठ्यपुस्तकांतून फिरू लागले. कुंडलिनीवर्णन योगाच्या जाणकारांकडे गेले आणि तेथे त्याचा परिभाषाकोश झाला. ज्ञानेश्वरांनी ध्यान ही गोष्ट घडते कशी याचा एक सलग विचार या अध्यायात मांडला आहे, ही बाब या वाटणीत हरवली.

नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळच्या संदर्भात या प्रश्नाला आणखी एक पदर येतो. सातपुड्याच्या ऐन माथ्यावर, अक्राणी भागात, हजार मीटरांहून अधिक उंचीवर वसलेले हे पठार नाथपरंपरेच्या स्मृतींनी भरलेले आहे. यशवंत तलावाच्या परिसरात गोरक्षनाथांचे मंदिर आहे, मच्छिंद्रनाथांच्या नावाची गुंफा आहे, आणि गोरक्षनाथांनी येथे तप केले अशी दृढ श्रद्धा आहे. महाशिवरात्रीला महाराष्ट्रातून, मध्य प्रदेशातून व गुजरातेतून येथे यात्रेकरू लोटतात. ज्ञानेश्वरांची गुरुपरंपरा आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती अशी आहे, हे त्यांनी स्वतःच अठराव्या अध्यायाच्या अखेरीस सांगितले आहे. तेव्हा घाट चढून वर आल्यावर थंड वारा, तळ्याचे पाणी व गुंफा पाहून सहाव्या अध्यायातील ओव्या आठवाव्यात हे स्वाभाविकच आहे. परंतु आठवण होणे निराळे आणि ‘ज्ञानेश्वरांनी वर्णिलेले स्थळ ते हेच’ असे विधान करणे निराळे. ग्रंथ प्रवरेकाठी, सपाटीवर झाला. त्यात सातपुड्याचा निर्देश नाही. गोरक्षांचे तोरणमाळी वास्तव्य ही श्रद्धेच्या कक्षेतील गोष्ट आहे व तिचे मोल त्या कक्षेत कमी नाही. पण तिच्या आधारे ओव्यांचा अर्थ लावू गेल्यास अर्थच उलटण्याचा संभव आहे. तो कसा, हे स्थानवर्णनाच्या बारकाव्यांत शिरल्यावाचून कळणार नाही.

ध्यानाला योग्य असे स्थळ कोणते, हा प्रश्न भारतीय योगवाङ्मयात जुना आहे. श्वेताश्वतर उपनिषदाच्या दुसऱ्या अध्यायात सम, स्वच्छ, खडे-वाळू-अग्नी यांपासून मुक्त, पाण्याच्या आवाजाने मनाला अनुकूल आणि डोळ्याला न खुपणारी अशी वाऱ्यापासून सुरक्षित जागा सांगितली आहे. ज्ञानेश्वरांनंतर सुमारे दीड शतकाने झालेल्या स्वात्मारामाच्या हठप्रदीपिकेत तर ही जागा म्हणजे एक छोटी मठीच झाली आहे. दार लहान, भिंतीला भोक वा भगदाड नाही, जमीन शेणाने सारवलेली, आत एकही जीवजंतू नाही, बाहेर मंडप, विहीर व कुंपण. आणि ही मठी सुराज्यात, सुभिक्ष प्रदेशात हवी. स्वात्मारामाची नजर गवंड्याची आहे, असे म्हटल्यास त्याचा अवमान होऊ नये. त्याला बाहेरचे जग बाहेर ठेवायचे आहे आणि त्याची व्यवस्था तो चोख लावतो.

ज्ञानेश्वरांची नजर याहून सर्वस्वी वेगळी आहे. ते स्थळाची लांबीरुंदी सांगत नाहीत. त्या स्थळी गेलेल्या माणसाचे काय होते ते सांगतात. विसावा घ्यावा म्हणून बसलेल्याला तेथून उठावेसे वाटू नये. पाहताच वैराग्य दुणावावे. पाखंड्याला देखील तेथे तपाची इच्छा व्हावी. वाटेने जाताना सहज येऊन पडलेला विषयी माणूस परतण्याचे विसरावा. राजाला राज्य सोडून तेथेच राहावेसे वाटावे. ही सगळी वर्णने परिणामाची आहेत. झाडे, झरे, ऊन, वारा यानंतर येतात, आणि तीही मोजून मापून. पावलोपावली निर्मळ पाणी असावे. ऊन असावे पण शीतळ. वारा असावा पण मंद. स्थळ ‘बहुतेक’ निःशब्द असावे. श्वापदांची दाटी नको. पोपट नकोत, भुंगे नकोत. पाण्याच्या कडेला हंस असले तरी चालतील, सारस दोन-चार. एखाद्या वेळी कोकिळा येऊन बसली तर बसो. मोरांविषयी तर कवी मिस्कीलपणे सांगतो की ते नेहमी नसावेत, पण आले-गेले तर आमची ना नाही. (राघूला मज्जाव आणि मोराला मुभा का, यावर टीकाकारांनी फारसा विचार केलेला दिसत नाही. राघू बोलतो आणि भुंगा गुणगुणत राहतो. मोर ओरडतो तो क्वचित, व उरलेला वेळ गप्प असतो, एवढे कारण पुरेसे आहे.) या सर्व तपशिलांत कोठेही पूर्ण शांततेची मागणी नाही. आवाज असावा, पण तो अधूनमधून येणारा असावा आणि त्याने मनाला सवय लावू नये.

एक अट मात्र तोरणमाळसारख्या क्षेत्राच्या दृष्टीने फार बोलकी आहे. स्थळी साधकांची वस्ती असावी, पण लोकांच्या पायरवाने ते रुळलेले नसावे, असे ज्ञानेश्वर सांगतात. महाशिवरात्रीचे तोरणमाळ या कसोटीला उतरत नाही, हे उघड आहे. तथापि आषाढातील धुक्याचे तोरणमाळ उतरेल, असे म्हणून सुटकाही करून घेता येत नाही. हे पठार व त्याभोवतीची खोरी भिल्ल व पावरा समाजांची घरेदारे, शेते आणि गुरांच्या वाटा यांनी व्यापलेली आहेत. डोंगराला ‘एकांत’ हे नाव बहुधा खालून वर येणारा देतो. वर राहणाऱ्यासाठी तो गावच असतो, आणि तेथे पाणी भरायचे असते, लाकूडफाटा आणायचा असतो, उतरणीवरची पेरणी करायची असते. ध्यानासाठी डोंगर शोधणाऱ्या वाङ्मयात हा माणूस क्वचितच दिसतो. ज्ञानेश्वरांच्या वर्णनातही तो नाही, ही त्या वर्णनाची मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे.

परंतु ज्ञानेश्वरांनी त्या मर्यादेतून बाहेर पडण्याची वाटही त्याच ठिकाणी ठेवली आहे. एवढी सूची दिल्यावर, गूढ मठ असो की शिवालय असो, असे म्हणून ते शेवटी एकच परीक्षा सांगतात : मन तेथे राहते का ते पाहावे, आणि राहत असेल तर तेथे आसन मांडावे. या एका ओवीने मागच्या सर्व ओव्यांचा दर्जा बदलतो. झाडे, झरे, हंस, सारस ही लक्षणे उरत नाहीत, ती केवळ उदाहरणे होतात. निकष एकटे मन. म्हणून तोरणमाळ ‘ते’ स्थळ आहे की नाही हा वाद ग्रंथाच्याच न्यायाने गैरलागू ठरतो. ज्याचे मन तेथे राहील त्याच्यापुरते ते आहे. ज्याचे नंदुरबारच्या बाजारपेठेतल्या माळवदाच्या घरात राहील त्याच्यापुरते तेही आहे.

आसनाचा भाग ज्ञानेश्वर गीतेला धरूनच सांगतात. दर्भ, मृगाजिन, धुतलेले वस्त्र. आसन फार उंच झाले तर देह डोलेल, फार सखल झाले तर भूमीचा दोष लागेल. पुढे सद्गुरूचे स्मरण, टाचेने आधारस्थान दाबणे, मूळबंध, हनुवटी कंठात रुतणे, बेंबीपाशी पडणारा ओढियाणा, अर्धोन्मीलित दृष्टी, आणि मग कुंडलिनीचे जागरण. कुंकवात न्हालेल्या नागाच्या पिलाची जी प्रतिमा येथे येते ती मराठी काव्यातील अत्यंत धीट प्रतिमांपैकी एक आहे. ही शक्ती देहाचे मांस, हाडे, रस खाऊन तृप्त होते आणि मग तोच देह नवा होऊन उभा राहतो. देहानेच देह गिळावा अशी ही कल्पना असून तिला ज्ञानेश्वर नाथांचा संकेत म्हणतात, व श्रीकृष्णाने तो केवळ सूचित केला, आपण उलगडला, असेही सुचवतात. ऐतिहासिक दृष्ट्या हा भाग मोलाचा आहे. हठयोगाचे बहुतेक ग्रंथ कालनिर्णयाच्या दृष्टीने निसरडे असताना, बंधांसह कुंडलिनीचे सविस्तर वर्णन करणारा आणि ज्याचे वर्ष निश्चित सांगता येते असा हा ग्रंथ देशी भाषेत उभा आहे. रा. चिं. ढेरे यांच्या ‘नाथ संप्रदायाचा इतिहास’ या १९५९ सालच्या ग्रंथापासून मराठीत नाथपरंपरेच्या अभ्यासाला जे वळण लागले त्यात या अध्यायाला मानाचे स्थान मिळाले, ते योग्यच होय.

मात्र या दीप्तिमान वर्णनाने दिपून जाण्यात एक धोका आहे. वाचक येथेच थांबतो. अर्जुन थांबत नाही. इतके ऐकल्यावर तो विचारतो की हा मार्ग कोणालाही साधणारा आहे की त्याला काही योग्यता लागते. श्रीकृष्णाच्या तोंडी ज्ञानेश्वरांनी घातलेले उत्तर गीतेत नाही आणि ते विलक्षण आहे. योग्यता ही प्राप्तीच्या अधीन असते, असे ते उत्तर सांगते; योग्य माणसांची काय कोठे खाण असते? जो थोडासा विरक्त आहे, देहधर्मात नेमस्त आहे, तो अधिकारी का नव्हे? आहार, निद्रा, बोलणे, चालणे यांच्या मापाची चर्चा याच संदर्भात येते. कुंडलिनीचे अग्निदिव्य सांगून झाल्यावर लगेच जेवणखाणाच्या मापावर येणे हा रसभंग वाटेल. ज्ञानेश्वरांना तो तसा वाटलेला नाही.

यापुढील ओव्या हा या अध्यायाचा खरा गाभा होय, आणि आश्चर्य असे की त्यांच्याकडे सर्वात कमी लक्ष गेले आहे. चंचल मन जेथे जेथे जाईल तेथून ते आवरून आत्म्यात आणावे, असे गीतेचा २६ वा श्लोक सांगतो. ज्ञानेश्वर आधी म्हणतात की हेही जमत नसेल तर एक सोपा उपाय ऐकावा : एकच नियम जीवाशी धरावा, की एकदा केलेल्या निश्चयाच्या बाहेर जायचे नाही. एवढ्याने मन स्थिरावले तर काम झाले. न स्थिरावले तर त्याला मोकळे सोडून द्यावे. मोकळे सोडलेले मन जेथे जाईल तेथून तो नियमच त्याला घेऊन येईल, आणि असे येताजाता त्याला स्थैर्याची सवय लागेल. येथे ‘आवरणे’ या क्रियेचा कर्ता बदलला आहे. गीतेत साधक मनाला आवरतो. ज्ञानेश्वरीत साधक एकदा निश्चय करून बाजूला होतो आणि आणण्याचे काम नियमाकडे जाते. मनाच्या मागे धावणारे पुन्हा मनच असते आणि म्हणून दमणूक दुहेरी होते, ही ध्यानाला बसणाऱ्या कोणाचीही पहिली तक्रार ज्ञानेश्वरांनी ओळखली होती असे दिसते.

अर्जुनाचे मात्र समाधान होत नाही. त्याच्या ३३ व ३४ व्या श्लोकांतील आक्षेपाला ज्ञानेश्वरांनी माकडाचे रूप दिले आहे : माकड कधी समाधी लावील काय? थांब म्हटल्याने झंझावात थांबेल काय? जे मन बुद्धीला चकवते, निश्चयाला टाळते आणि धैर्याच्या हातावर तुरी देऊन पळते, ते बसेल कसे? श्रीकृष्ण हा आक्षेप खोडत नाही. मन चंचल आहे हे तो मान्य करतो व अभ्यास आणि वैराग्य हे गीतेतलेच दोन उपाय सांगतो. पण ज्ञानेश्वर त्याला एक कारण जोडतात. या मनात एक गोष्ट चांगली आहे. त्याने जेथे गोडी पाहिली तेथे ते सोकावते. म्हणून त्याला आत्मसुखाची चव कौतुकाने दाखवीत जावे. ज्या स्वभावाला दोष म्हणून अर्जुनाने पुढे केले, त्याच स्वभावाला उपाय म्हणून येथे कामाला लावले आहे. विषयांना सोकावणारे मन आणि समाधीला सोकावणारे मन अशी दोन मने नाहीत. सोकावण्याची खोड एकच.

‘गोडी’ या शब्दापाशी आल्यावर अध्यायाच्या आरंभाकडे मागे वळून पाहावे लागते. अमृतालाही पैजेवर जिंकील अशा मराठीची प्रतिज्ञा याच अध्यायाच्या आरंभी आहे, ही गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असते. ती भाषाभिमानाचे वचन म्हणून सभासंमेलनांतून उद्धृतही होते. पण तिच्या लगत जे येते त्याकडे दुर्लक्ष होते. हे बोल ऐकताना कानांना जिभा फुटतील, नाकाला सुगंध मिळेल, डोळ्यांना रूप दिसेल. सर्व इंद्रिये हा विषय आपलाच म्हणून भांडतील, आणि एकटा सूर्य जसा साऱ्या जगाला जागवतो तसा हा शब्द सर्वांचे समाधान करील, असा त्या ओव्यांचा आशय आहे. इंद्रियनिग्रहाचा अध्याय इंद्रियांच्या मेजवानीने सुरू व्हावा यात विसंगती शोधणारे शोधोत. वस्तुतः अध्यायाच्या शेवटी मनासाठी जो उपाय सांगितला, तोच आरंभी श्रोत्यांवर करून दाखवला आहे. गोडीच्या ठायी सोकावणारे मन ओवीच्या गोडीला सोकावून एका जागी बसते. स्थानवर्णनाचेही प्रयोजन येथे स्पष्ट होते. ज्याला तो एकांत मिळणार नाही त्याला तो ओव्यांतून मिळतो, आणि तेवढा वेळ त्याचे मन तेथे राहते. काव्य आणि साधना यांची वाटणी करणाऱ्या वाचनाने नेमके हेच गमावले आहे.

यावर असा आक्षेप संभवतो की बाराव्या अध्यायात ज्ञानेश्वरांनी हाच बंध-कुंडलिनीचा मार्ग पुन्हा वर्णून त्याला अतिशय कष्टाचा ठरवले आहे आणि भक्तीवाचून योगाच्या बळाने निराळे काही मिळत नाही असे म्हटले आहे. तेव्हा सहावा अध्याय म्हणजे वारशाने आलेले नाथधन आणि बारावा म्हणजे त्यांचे स्वतःचे मत. हा आक्षेप अर्धाच खरा आहे. बाराव्यात टाकून दिला जातो तो खटाटोप. तत्त्व टाकलेले नाही. त्याच अध्यायात, संपूर्ण चित्त देता येत नसेल तर आठ प्रहरांतून केवळ निमिषभर तरी दे, असे सांगून ज्ञानेश्वर पुढे म्हणतात की त्या निमिषात जेवढे सुख दिसेल तेवढी विषयांची अरुची उत्पन्न होईल. शरद ऋतू लागला की नद्यांचे पाणी उतरते, पुनवेनंतर चंद्र दिवसेंदिवस क्षीण होत अवसेला नाहीसा होतो, तसे चित्त हळूहळू प्रपंचातून निघेल. येथे स्थळ नाही, दर्भासन नाही, बंध नाहीत. नियम मात्र आहे, निमिषभराचा. आणि गोडी आहे. सहाव्यातील डोंगर उतरून हाच विचार बाराव्यात घरी आलेला आहे.

अलीकडे ध्यानाला जे सार्वत्रिक महत्त्व आले आहे त्याच्या संदर्भात या भेदाचा विचार उपयुक्त ठरतो. संयुक्त राष्ट्रसंघाच्या महासभेने २०२४ च्या डिसेंबरात २१ डिसेंबर हा जागतिक ध्यानदिन म्हणून घोषित केला. महाराष्ट्रापुरते पाहिले तर १९७६ पासून इगतपुरी येथील धम्मगिरीवर सत्यनारायण गोयंका (१९२४–२०१३) यांनी ब्रह्मदेशातून आणलेल्या विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरे चालत आली आहेत. तेथेही मौन, नेमस्त आहार व वेळेचा कडक नियम आहे. आरंभीचे दिवस केवळ स्वाभाविक श्वासाकडे लक्ष देण्यात जातात. मन भरकटले की रागावू नये, भरकटले हे जाणून परत श्वासावर यावे, ही शिकवण आणि ज्ञानेश्वरांची ‘मोकळे सोडून द्यावे’ ही शिकवण यांत वरवरचे साम्य पुष्कळ आहे. फरक गोडीपाशी पडतो. विपश्यनेत सुखद संवेदनेलाही चिकटू नये, ती अनित्य म्हणून पाहावी, यावर भर आहे. ज्ञानेश्वर मनाला मुद्दाम चिकटवू पाहतात, फक्त चिकटण्याची जागा बदलतात. दोन्ही परंपरांना एकाच ‘मनःशांती’च्या मथळ्याखाली घालणे सोयीचे असले तरी अभ्यासाच्या दृष्टीने ढिलाईचे आहे. मनःशांती हा शब्दच संशयास्पद आहे. सहाव्या अध्यायात शांत झालेल्या माणसापेक्षा सोकावलेला माणूस अधिक दिसतो.

खानदेशातील विद्यार्थ्याला अर्जुनाच्या आक्षेपाचे सर्वात जिवंत रूप संस्कृतात शोधावे लागत नाही. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची मनावरची रचना १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बहिणाबाईंची गाणी’ या संग्रहात आहे. उभ्या पिकात शिरणारे आणि कितीदा हाकलले तरी पुन्हा तेथेच येणारे ढोर, हे तिथले मनाचे पहिले रूप. विंचू-सापाच्या विषाला मंत्र असतो, मनाच्या विषाला नाही. आत्ता खसखशीएवढे असलेले मन पुढच्या क्षणी आभाळातही मावत नाही. आणि शेवटी देवालाच विचारले आहे की असले मन तू केलेस तरी कसे. अर्जुनाचे माकड आणि बहिणाबाईंचे ढोर यांत एक महत्त्वाचा भेद आहे. माकड कोणाचे नसते. ढोराला मात्र धनी असतो, गोठा असतो, आणि ते पिकाकडे जाते ते पिकाच्या चवीने. हाकलणारीला ही चव ठाऊक आहे. म्हणून तिच्या तक्रारीत राग कमी आणि थकवा अधिक आहे. ज्ञानेश्वरांचे उत्तर या ढोराला जसे लागू पडते तसे माकडालाही पडत नाही. हाकलून ते हटणार नाही; त्याला दुसऱ्या चाऱ्याची गोडी लागली पाहिजे. पण तो चारा कोणता व तो रोजच्या कष्टातून वेळ काढून कोणी द्यायचा, हे बहिणाबाईंच्या रचनेत नाही, आणि असावे अशी अपेक्षा करणेही रास्त नव्हे. तिची ती भूमिकाच नाही. ती प्रश्न देवाकडे टाकून मोकळी होते.

तोरणमाळच्याच डोंगररांगेत, धडगावच्या बाजूला, अस्तंभ्याचे शिखर आहे. दिवाळीच्या सुमारास तळोद्याकडून तेथे यात्रेकरू चढतात. हे स्थान अश्वत्थाम्याचे मानले जाते : मस्तकावरचा मणी काढून घेतला गेलेला, शापाने भटकत राहिलेला आणि जखमेसाठी तेल मागत हिंडणारा तो चिरंजीव. त्याला आयुष्य अमर्याद मिळाले, डोंगर मिळाला, मनुष्यवस्तीपासून दूर एकांतही मिळाला. सहाव्या अध्यायाच्या स्थानवर्णनातील बहुतेक अटी त्याच्या वाट्याला आल्या आहेत, फक्त मन राहते का पाहावे ही शेवटची अट सोडून. गोरक्षाचे आसन आणि अश्वत्थाम्याची जखम ही एकाच सातपुड्याने शेजारी शेजारी सांभाळली आहेत, आणि दोन्हीकडे जाणारे यात्रेकरू बव्हंशी तेच आहेत.